झाडांची माणसं : विषाची ओळख करून देणारे डॉक्टर



आज आधी एक प्रसंग सांगतो आणि मग आपल्या पाहुण्यांची ओळख करून देतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या चोपडा तालुक्यात एक शाळा आहे. नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही शाळेत घडू शकतं. नवरात्राचे दिवस होते. मधल्या सुट्टीत पाच मुलं शाळेच्या कुंपणापाशी खेळत होती. कुंपणाला चंद्रज्योतीची झाडं लावलेली. पुस्तकात तिलाच मोगली एरंड म्हणतात. हिरवी-पिवळी, सुपारीएवढी फळं लागलेली होती. एकानं फळ फोडलं. आत काळ्या बिया. बी फोडली तर आत पांढराशुभ्र गर. त्यानं चाखून पाहिला आणि म्हणाला, "अरे, भुईमुगासारखी लागते!" झालं! कोणी तीन खाल्ल्या, कोणी पाच, एकानं तर पैज लावून दहा.

गणिताचा तास सुरू झाला आणि एकेकाचं पोट दुखू लागलं. मग उलट्या, मग जुलाब. सर घाबरले. एक काळी-पिवळी थांबवली आणि पाचही मुलांना दवाखान्यात आणलं. निरोप मिळाला म्हणून मीही तिथं पोचलो.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत रे?"

मुलं गप्प. मार बसेल म्हणून कोणी खरं सांगेना. एक जण तर म्हणाला, "काहीच नाही सर, फक्त खिचडी." आता खिचडीचं नाव निघाल्यावर केवढा गोंधळ! बाहेर पालक जमले होते, ते खिचडीवर घसरले. पण खिचडी तर सगळ्या शाळेनं खाल्ली होती. मग फक्त पाचच मुलांना त्रास कसा?

तेवढ्यात पाड्यावरून शाळेत येणारी पाचवीतली एक मुलगी दारात आली. मुलांच्या मागोमाग ती दुसऱ्या गाडीनं आली होती. ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, या पोऱ्यांनी हे खाल्लं." तिनं मूठ उघडली. मुठीत एक चुरगळलेलं पान, एक अख्खं फळ आणि दोन फुटक्या बिया होत्या.

डॉक्टरांनी फळ पाहिलं आणि लगेच ओळखलं. सलाईन लागलं. मुलं रात्रभर दवाखान्यात राहिली आणि दुसऱ्या दिवशी घरी गेली. जाताना डॉक्टर त्या मुलीच्या सरांना म्हणाले, "हिनं झाड आणलं म्हणून आमचा अर्धा वेळ वाचला. नाहीतर आम्ही खिचडीच तपासत बसलो असतो."

पाहिलंत? झाडाचं नाव ठाऊक असणं ही केवळ परीक्षेत मार्क मिळवण्याची गोष्ट नाही, बरं का! आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी हे सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

त्यांचं नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. 'रणछोडदास' वाचून ते गुजराती असतील असं तुम्हाला वाटेल. पण ते अगदी पक्के मराठी. इतके की 1909 साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते! आता तुम्ही म्हणाल, "साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणजे लेखक. त्यांचा झाडपाल्याशी काय संबंध?" थांबा, सांगतो.

कीर्तिकरांचा जन्म 1849 सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टरी शिकले, पुढे विलायतेला गेले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सरकारच्या लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्या काळी या सेवेत बहुतेक सगळे साहेबच असत. भारतीय माणूस विरळा. 1878 ते 1880 या काळात अफगाणिस्तानात लढाई झाली, तेव्हा फौजेबरोबर डॉक्टर म्हणून तेही होते. पुढे ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत चढले. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपण शिकलो, तिथंच त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं. सैनिक, डॉक्टर, शिक्षक आणि कवी! टेनिसन नावाच्या इंग्रज कवीच्या एका काव्याच्या आधारानं त्यांनी 'इंदिरा' हे मराठी काव्यही लिहिलं. पण या सगळ्याबरोबर त्यांना आणखी एक नाद होता, तो झाडांचा.

1883 साली मुंबईत काही निसर्गवेड्या मंडळींनी एक संस्था काढली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. स्थापना करणारे आठ जण होते. त्यांत दोन भारतीय आणि दोघेही डॉक्टर : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. या संस्थेचं नियतकालिक 1886 साली सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी त्यात कीर्तिकरांनी लिहिलं. कशावर लिहिलं असेल? गरम पाण्याच्या झऱ्यात वाढणाऱ्या शेवाळावर!

आमच्याकडे अडावदजवळ उनपदेव आहे. तिथं बारा महिने गरम पाण्याची धार पडते. यात्रेला माणसं येतात, अंघोळ करतात, नमस्कार करतात आणि घरी जातात. दगडाला हात लावला की कधी कधी बुळबुळीत लागतं. आपण म्हणतो, "जपून, घसरशील!" कीर्तिकरांसारखा माणूस तिथं असता तर खाली बसला असता. एवढ्या ऊन पाण्यात हे जगतं कसं, याचं नाव काय, हे दुसरीकडे कुठं सापडतं का, असे प्रश्न त्यानं विचारले असते. पाय घसरतो तिथंसुद्धा शिकण्यासारखं काही असतं, एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर याच नियतकालिकात कीर्तिकरांनी एक लेखमाला लिहिली. विषय होता मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पती. तिचे लेख वर्षानुवर्षं येत राहिले.

आता बघा हं. औषधं देणं हा डॉक्टरचा धंदा. मग कीर्तिकर विषाच्या मागे का लागले?

त्याचं कारण त्या काळात आहे. रेल्वे नुकतीच आली होती, पण माणसं अजून पायी, बैलगाडीनं लांबचा प्रवास करत. वाटेत एखादा गोडबोल्या सोबती भेटे, "घ्या, थोडं खाऊन घ्या" म्हणे. खाण्यात धोतऱ्याच्या बिया कुटून घातलेल्या असत. मिरचीच्या बियांसारख्याच दिसणाऱ्या! खाणारा भ्रमिष्टासारखा बडबडू लागे, मग बेशुद्ध पडे आणि सोबती पैसे घेऊन पसार. आणखी एक प्रकार होता. कातड्याच्या लोभानं दुसऱ्याची गुरं मारणारे लोक गुंजांची पूड पाण्यात मळून तिची बारीक सुई करत, ती उन्हात वाळवत आणि जनावराच्या अंगात टोचत. वरून काही दिसत नसे. असा माणूस किंवा असं जनावर आलं की डॉक्टरनं काय ओळखायचं? विलायतेच्या पुस्तकात धोतऱ्याची एखादी बहीण सापडेल, पण आपल्या रानातली गुंज, पिवळा कण्हेर, बिब्बा, खड्यानाग कुठून सापडणार?

म्हणून आपल्या मातीतल्या विषांची नोंद आपणच करायला हवी होती. झाड कसं दिसतं, पान कसं, फूल कसं, बी कशी, लोक त्याला काय म्हणतात आणि खाल्लं तर काय होतं, हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं होतं. कीर्तिकरांच्या लेखमालेनं हेच काम हाती घेतलं.

आता तुमच्या ओळखीची दोन-तीन नावं घेऊ.

गुंज तुम्ही पाहिली असेलच. लालचुटुक, डोक्यावर काळा ठिपका. पूर्वी सोनार गुंजेनं सोनं तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्याला किती गुंजा? करा बघू हिशेब. (शहाण्णव!) एवढीशी देखणी बी, पण आतला गर जहाल विषारी. कवच टणक असतं म्हणून अख्खी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावली तर जिवाशी खेळ. म्हणून गुंजांची माळ लहान बाळाच्या हातात द्यायची नाही.

पिवळ्या कण्हेराच्या बियांना आपण 'बिट्ट्या' म्हणतो आणि त्यांनी खेळतो. खेळून झालं की हात धुवायचे. तोंडात बिट्टी कधीच घालायची नाही. ती हृदयावर परिणाम करते.

आणि खड्यानाग, म्हणजेच कळलावी. पावसाळ्यात सातपुड्याच्या वाटेनं जाताना काटेरी झुडपांवर चढलेली दिसते. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं. म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. जमिनीखाली तिचा कंद असतो आणि तो दुबेळक्यासारखा, नांगराच्या आकाराचा असतो. म्हणून संस्कृतात तिचं नाव लांगली. हा कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्यामुळे माणसं दगावली आहेत.

पण गंमत पुढंच आहे. याच कळलावीत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं. ते शुद्ध करून, अगदी मोजून दिलं, तर सांधे सुजण्याच्या एका दुखण्यावर, गाउटवर, ते औषध ठरतं. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत ॲट्रोपिन असतं. कपाशीवर फवारणी करताना काही औषधांची बाधा झाली की शेतकऱ्याला दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते याच ॲट्रोपिनचं. ज्या कुळातली बी वाटसरूला लुबाडायला वापरली जाई, त्याच कुळातलं द्रव्य आज शेतकऱ्याचा जीव वाचवतं! फरक आहे तो मापाचा आणि माहितीचा. म्हणूनच ज्याला विष नीट कळतं, त्यालाच औषध कळतं.

औषधी झाडांचं काम हाती घेतल्यावर मात्र मोठी अडचण उभी राहिली, ती नावांची.

तुमच्या वर्गात दोन संदीप असले की काय होतं? सरांनी "संदीप!" म्हटलं की दोघंही उभे. झाडांचंही तसंच आहे. 'ब्राह्मी' म्हटलं की कोणी एक झाड दाखवतं आणि कोणी दुसरंच. 'शंखपुष्पी'चंही तेच. उलट एकाच झाडाला चोपड्यात एक नाव, कोकणात दुसरं आणि बंगालात तिसरं. बाजारात औषध मागायला गेलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही.

यावर उपाय काय? प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव द्यायचं, ते जगभर एकच. त्याच्याखाली संस्कृत, मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशी मिळतील तितकी नावं द्यायची. वर्णन लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र द्यायचं. चित्र असलं की भांडण मिटतं.

हे प्रचंड काम कीर्तिकरांनी बामनदास बसू या निवृत्त लष्करी डॉक्टरांच्या जोडीनं केलं. बसू बंगाली, राहायला अलाहाबादला (आजचं प्रयागराज). एक मराठी, एक बंगाली. ग्रंथाचं नाव 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स', म्हणजे भारतातील औषधी वनस्पती. त्यावर आणखी एक कर्ता आहे, पण त्यानं नाव दिलं नाही. 'एक निवृत्त आय. सी. एस.' एवढंच छापलं आहे. तुम्ही चित्राखाली किती मोठ्या अक्षरात नाव लिहिता! आणि एवढं काम करून नाव लपवणारा हा माणूस पाहा.

ग्रंथात मजकुराचे खंड वेगळे आणि चित्रांचे वेगळे. हजाराहून जास्त चित्रपानं! त्या काळी ना संगणक, ना झेरॉक्स. प्रत्येक चित्र काढायचं, तपासायचं, छापायचं. वर्षांमागून वर्षं गेली.

ग्रंथ 1918 साली अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. कीर्तिकर 1917 साली वारले.

मुलांनो, क्षणभर विचार करा. ज्या पुस्तकासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली, ते पूर्ण छापलेलं त्यांना हातात घेता आलं नाही. पण काम थांबलं नाही. बसूंनी ते तडीस नेलं. पुढे 1930 नंतरच्या दशकात त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. ती ब्लाटर, काययुस आणि म्हसकर या तिघांनी तयार केली. आजही आयुर्वेदाच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथालयांत 'कीर्तिकर-बसू' म्हटलं की ग्रंथपाल बरोबर त्या कपाटाकडे बोट दाखवतात.

या म्हसकर-काययुस जोडीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक घराच्या कामाची आहे.

साप चावला की अमुक मुळी उगाळून द्या, तमुक पाला बांधा, असे उपाय गावोगाव सांगतात. त्यांतले पुष्कळसे जुन्या पुस्तकांतही लिहिलेले होते. म्हसकर आणि काययुस मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करत. त्यांनी ठरवलं, नुसतं लिहिलंय म्हणून मानायचं नाही, तपासायचं. सर्पदंशावर म्हणून सांगितलेल्या तीनशेहून जास्त वनस्पती त्यांनी प्रयोग करून पाहिल्या. 1931 साली निष्कर्ष छापला. त्यांतली एकही वनस्पती सापाच्या विषावर उपयोगी पडली नाही. एकही नाही!

औषधी झाडांवर ज्यांचं प्रेम होतं, त्याच माणसांनी हे जाहीर केलं. याला खरा अभ्यास म्हणतात. आपल्याला आवडतं म्हणून ते खरं, असं अभ्यासात चालत नाही.

मग लोक का म्हणतात की मुळीनं माणूस वाचला? कारण सगळे साप विषारी नसतात आणि विषारी साप दर वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. असा माणूस मुळीशिवायही वाचला असता. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं यांचं विष खरोखर भिनलं, तर उपाय एकच : दवाखान्यातलं प्रतिविष. घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. हातपाय हलवू न देता, धीर देत लवकरात लवकर दवाखाना गाठा. 108 नंबर पाठ करा. पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्या आपल्या आईबाबांनाही आज रात्री जेवताना हे सांगा.

याचा अर्थ रानातल्या जाणत्या माणसांचं ज्ञान खोटं, असा मुळीच नाही. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल आजी-आजोबांना झाडांची जेवढी ओळख आहे, तेवढी आपल्यातल्या कित्येक शिकलेल्यांना नाही. कोणतं फळ कधी पिकतं, कोणता कंद उकडून खायचा, कोणत्या झाडाच्या वाटेला जायचं नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय येतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी झाडांची नावं अशाच माणसांकडून ऐकलेली असतात. फक्त सांगणाऱ्यांची नावं बहुधा कोणी टिपून ठेवत नाही. ती उणीव तुम्ही भरून काढू शकता.

कशी? हा घ्या या आठवड्याचा उद्योग.

एक दोनशे पानी वही घ्या. वर लिहा : 'माझ्या गावची झाडं'. रोज एका झाडासाठी एक पान. घरात आणि गावात त्या झाडाला काय म्हणतात ते लिहा. ते कुठं उगवलंय, फूल कधी येतं, बी कशी असते ते लिहा. चित्र काढा, वाकडंतिकडं आलं तरी चालेल. आणि शेवटी 'ही माहिती कोणी सांगितली' ते लिहायला विसरू नका. आजी, गुराखी, शेजारचे काका, जे कोणी असतील त्यांचं नाव घाला.

पण अटी तीन. पहिली, अनोळखी झाडाचं काहीही तोंडात घालायचं नाही, चव पाहायलासुद्धा नाही. दुसरी, चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही आणि घरी आल्यावर हात धुवायचे. तिसरी, वहीत कोणी औषध सांगितलं तर ते लिहायचं, पण स्वतः करून पाहायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचं नाही.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलानं काही खाल्ल्याचा संशय आला तर आधी रागावू नका. त्या पाच मुलांनी मार बसेल म्हणून तोंड उघडलं नव्हतं. "काय खाल्लंस, मला दाखव," एवढंच म्हणा. उरलेलं फळ, पान, बी पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. घरच्या घरी उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल, तर मुलांना ती एकदा हातात घेऊन दाखवा. नुसतं "तिकडे जाऊ नका" म्हटलं की मुलं आधी तिकडेच जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता राहिली ती मुलगी. दवाखान्यातून निघताना मी तिला विचारलं, "बाळ, तुला कसं ठाऊक की हे वाईट आहे?"

ती म्हणाली, "माझी आजी सांगते, बकरी ज्याला तोंड लावत नाही, ते आपण खायचं नाही. चंद्रजोतीला बकरी तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला लावतात."

मी म्हटलं, "शाबास! पण बकरी रुईचा पाला खाते. मग आपण खायचा का?"

ती विचारात पडली. मग हसून म्हणाली, "नाही. आजीला विचारते."

विचार हं, म्हटलं, आणि सांगेल ते वहीत लिहून ठेव. तिच्या नावासकट.

भेटू पुढच्या आठवड्यात!